पानावर डाग पडेल असं पुस्तक

प्रश्न: येत्या दोन महिन्यांत घरात तीन वाढदिवस आहेत आणि तिघांनाही पाककृतींचं पुस्तक द्यावं असं मनात आहे. धाकटी बहीण नुकतीच एकटी राहायला लागली आहे. भात आणि अंडं यापलीकडे तिला फारसं काही येत नाही. नवऱ्याला सहा महिन्यांपासून घरी ब्रेड करायचं वेड लागलंय, पण पाव कधी विटेसारखा होतो तर कधी पसरून भाकरीसारखा. सासूबाई चाळीस वर्षं स्वयंपाक करताहेत. त्यांना पुस्तक दिलं तर मी त्यांना शिकवायला निघाले असं वाटेल का, ही धास्ती. गेल्या वर्षी बहिणीला एक जाडजूड, सुंदर फोटोंचं पुस्तक दिलं होतं. ते अजून कोरं करकरीत आहे, एकाही पानावर तेलाचा डाग नाही. या वेळी काय बघून घेऊ?

उत्तर: तेलाच्या डागाची कसोटी तुम्ही अगदी नेमकी पकडली आहे. पाककृतींचं पुस्तक वाया जातं ते बहुतेक वेळा ते देणाऱ्याच्या डोळ्यांनी निवडलेलं असतं म्हणून. दुकानात आपण मुखपृष्ठ आणि फोटो बघतो. ज्याला ते मिळणार, तो मात्र ओल्या हातांनी, एक डोळा पातेल्यावर ठेवून पुढची ओळ शोधत असतो. तेव्हा फोटो सोडा आणि तिथेच उभं राहून एक पाककृती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, जणू आत्ता करायला घेतली आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

कुठली वाचायची? जिच्यात कांदा परतायचा आहे अशी. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते बरंचसं उडेपर्यंत कांद्याचं तापमान 100 अंश सेल्सियसच्या फारसं वर चढत नाही, आणि तपकिरी रंग भराभर धरायला साधारण 140 अंश लागतात. म्हणून दोन मध्यम कांदे मध्यम आचेवर नीट तपकिरी व्हायला 15 ते 20 मिनिटं जातात. पार गडद, गोड आणि मुरंब्यासारखे मऊ हवे असतील तर 40 ते 50. पुस्तकात ‘कांदा 5 मिनिटं परतून खरपूस तपकिरी करा’ असं छापलं असेल, तर लिहिणाऱ्याने घड्याळ लावून ती पाककृती केलेली नाही हे समजून चाला. 5 मिनिटांत कांदा जेमतेम पारदर्शक होतो. आच वाढवून तेवढ्यातच रंग आणायचा हट्ट केला तर कडा करपतात आणि आतून तो कच्चाच राहतो. मग रस्सा कडवट होतो, आणि नवशिका माणूस पुस्तकाला नव्हे, स्वतःच्या हाताला दोष देतो.

नीट लिहिलेल्या पुस्तकात तीच ओळ काहीशी अशी असते: ‘रुंद पातेल्यात मध्यम आचेवर 15 ते 18 मिनिटं, दर दोन मिनिटांनी हलवत परता, कडा तांबूस झाल्या आणि तेल बाजूने सुटलेलं दिसलं की पुढच्या पायरीला जा, तळ धरू लागला तर चमचाभर पाणी घालून खरवडा.’ यात भांडं आहे, आच आहे, वेळ आहे, थांबायची खूण आहे, आणि बिघडायला लागलं तर काय करायचं तेही आहे. मिनिटं शेगडीगणिक बदलतात; खूण बदलत नाही. ज्या पुस्तकात नुसती मिनिटं असतात ते पुस्तक फक्त लेखकाच्या शेगडीवर चालतं.

सामग्रीच्या यादीकडेही जरा संशयाने बघा. ‘1 कप अक्रोड, कुटून’ आणि ‘1 कप कुटलेले अक्रोड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आधी मोजायचं आणि मग कुटायचं, दुसऱ्यात उलटं. वजनात 20 ग्रॅमपर्यंत फरक सहज पडतो. पुस्तक हा फरक कटाक्षाने पाळत असेल तर त्याचं संपादन कुणीतरी डोळ्यांत तेल घालून केलेलं आहे. घटक ज्या क्रमाने वापरायचे त्याच क्रमाने यादीत हवेत. आणि सगळ्यांत छळवादी प्रकार म्हणजे यादीत दडलेला वेळ. वर ठसठशीत ‘30 मिनिटांत तयार’ आणि खाली यादीत हळूच ‘2 कप चणे, रात्रभर भिजवून शिजवलेले’. तसंच ‘पान 212 वरचा सॉस, अर्धा कप’. पान 212 उघडलं की तिथे आणखी एका पानाचा हवाला, आणि मूळ पदार्थ तिसऱ्या दिवशी. हॉटेलातल्या आचाऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत हे फार दिसतं, कारण त्यांच्याकडे तो सॉस सकाळीच कुणीतरी करून ठेवलेला असतो. (सामग्री वेगळी काढून द्यायची ही सोय तशी अलीकडची. इंग्रजीत ती एलायझा अ‍ॅक्टन यांच्या 1845 च्या पुस्तकाने रुजवली, आणि त्यातही यादी पाककृतीच्या शेवटी होती.)

मागची सूची बघायला विसरू नका. घरी स्वयंपाक करणारा माणूस ‘आज अमुक पदार्थ करू’ म्हणून पुस्तक क्वचितच उघडतो. तो ‘अर्धा कोबी उरलाय, त्याचं काय करू’ म्हणून उघडतो. सूचीत ‘कोबी’ या शब्दाखाली पाच-सहा पानांचे आकडे हवेत. फक्त पदार्थांची नावं असलेली सूची त्याच्या कामाची नाही.

आता एकेक जण.

तुमच्या बहिणीसाठी पाककृती कमी असलेलं पुस्तक घ्या. 500 पाककृतींच्या ढिगात नवशिका हरवतो. 50 ते 80 पुरतात, पण प्रत्येकीत मधल्या पायऱ्यांचे फोटो हवेत. तयार पदार्थाचा फोटो भूक वाढवतो, पीठ किती सैल हवं ते सांगत नाही. चार-पाच पाककृतींची भांडी मोजा: एक पातेलं, एक तवा, एक सुरी एवढ्यात भागत असेल तर ठीक, दर दुसऱ्या पानावर फूड प्रोसेसर लागत असेल तर ते पुस्तक तिच्या ओट्यासाठी नाही.

शिवाय पाककृती किती जणांसाठी आहेत ते बघा. चौघांसाठीचा रस्सा एकटीसाठी करायचा म्हणजे चारने भागलं की झालं, असं नसतं. मोठ्या पातेल्यात थोडा रस्सा उकळला तर पसरट पृष्ठभागावरून पाणी भसाभस उडतं आणि भाजी शिजायच्या आत तळ लागतो. भांडं लहान घ्यावं लागतं, पाणी सरळ भागापेक्षा थोडं जास्त ठेवावं लागतं. भाजी शिजायचा वेळ मात्र तेवढाच राहतो. बटाट्याच्या फोडीला आपण एकट्या आहोत की चौघं हे कळत नाही. अंड्याचं त्याहून कठीण, दीड अंडं घ्यायचं तर ते फेटून, वजन करून अर्धं काढावं लागतं. एकट्या-दुकट्यासाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तकं मिळतात, आणि तिला तीच जास्त उपयोगी पडतील.

तिला वाचनाची गोडी असेल तर समिन नुसरत यांचं ‘सॉल्ट फॅट अ‍ॅसिड हीट’ (2017) द्या. त्यात फोटो नाहीत, वेंडी मॅकनॉटन यांची चित्रं आहेत. पहिल्या भागात मीठ, स्निग्ध पदार्थ, आंबटपणा आणि उष्णता यांनी पदार्थाचं काय होतं ते समजावलं आहे. पाककृतींचा मुख्य भाग त्यानंतर येतो. रविवारी दुपारी वाचायला ते उत्तम आहे. रात्री साडेआठला भूक लागलेली असताना हाताशी धरायला मात्र नाही. बहीण कुठल्या जातकुळीची आहे ते तुम्हाला ठाऊक असेल.

तुमच्या यजमानांचा पाव कधी वीट आणि कधी पसरट होतो, याचं मूळ बहुधा ओव्हनमध्ये नसून कपात आहे. मैद्याच्या डब्यात कप खुपसून भरला तर 140 ते 150 ग्रॅम मैदा येतो. चमच्याने हलका भरून सुरीने सपाट केला तर 120 ते 125. पाककृतीत 4 कप मैदा आणि 340 ग्रॅम पाणी सांगितलं आहे असं धरा. हलक्या हाताने 480 ग्रॅम मैदा भरला तर पाणी मैद्याच्या 71 टक्के, खुपसून 600 ग्रॅम भरला तर 57 टक्के. एकाच पाककृतीतून एका रविवारी सैल, पसरणारं पीठ निघतं आणि पुढच्या रविवारी घट्ट गोळा. म्हणून ब्रेडचं पुस्तक ग्रॅममध्येच हवं, आणि शक्यतो सगळे घटक पिठाच्या टक्केवारीत दिलेले हवेत. बेकरीवाले असंच मोजतात: पीठ 100, पाणी 65 ते 75, मीठ 2, इन्स्टंट यीस्ट 1 किंवा त्याहून कमी. म्हणजे 500 ग्रॅम पिठाला 350 पाणी, 10 मीठ, 5 यीस्ट.

दुसरी गोष्ट तापमान. ‘दीड तास फुगू द्या’ हे वाक्य खोलीचं तापमान सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. 21 अंशांच्या खोलीत ज्याला दोन तास लागतात ते पीठ 29 अंशांत तासाभरात तयार होतं, आणि त्यानंतरही ठेवलं तर आतली जाळी सैल पडून पाव बसतो. चांगलं पुस्तक पाण्याचं आणि पिठाचं तापमान देतं, आणि बोटाची खूण सांगतं: पिठात बोट हलकंसं दाबायचं, खळगा लगेच उसळून भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला, भरलाच नाही तर उशीर झाला. यीस्टचा प्रकारही स्पष्ट लिहिलेला हवा. ताजं दाबलेलं यीस्ट इन्स्टंटच्या तिप्पट घ्यावं लागतं, आणि पुस्तकात नुसतंच ‘यीस्ट’ असेल तर पुन्हा विटेची तयारी ठेवा.

केन फोर्किश यांचं ‘फ्लाउर वॉटर सॉल्ट यीस्ट’ (2012) या कसोट्यांना उतरतं: वजनं ग्रॅममध्ये, टक्केवारी दिलेली, पाण्याचं तापमान दिलेलं, आणि किती वाजता काय करायचं त्याचं वेळापत्रकसुद्धा. घेण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. त्यातले पाव झाकणाच्या जाड लोखंडी भांड्यात, सुमारे 245 अंशांवर भाजायचे आहेत; तुमचा ओव्हन तेवढा तापतो का, आणि तसं भांडं घरात आहे का? आणि बहुतेक पाककृती 1 किलो पिठाच्या, म्हणजे दोन पावांच्या आहेत. ग्रॅममध्ये असल्यामुळे त्या सरळ अर्ध्या करता येतात. पुस्तकासोबत 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा द्या. त्याच्यावाचून या पुस्तकाचा निम्मा उपयोग वाया जाईल.

सासूबाईंची धास्ती रास्त आहे, पण उपाय सोपा आहे. ज्याला रोजचा स्वयंपाक येतो त्याला ‘कसं करायचं’ सांगणारं पुस्तक द्यायचं नाही; ‘असं का होतं’ किंवा ‘याच्याबरोबर काय जमेल’ सांगणारं द्यायचं. त्यांना वाद घालता येईल असं पुस्तक हवं. निकी सेग्निट यांचं ‘द फ्लेवर थिसॉरस’ (2010) तसं आहे. 99 चवी घेऊन त्यांच्या जोड्या लावत गेलेलं, कुठलंही पान उघडून दोन परिच्छेद वाचावेत आणि ‘छे, हे काही जमायचं नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी करून बघावं असं. कुतूहल शास्त्राकडे झुकणारं असेल तर हॅरॉल्ड मॅगी यांचं ‘ऑन फूड अँड कुकिंग’, 1984 चं, पण 2004 ची सुधारित आवृत्ती घ्या. त्यात नेहमीच्या अर्थाच्या पाककृती जवळजवळ नाहीत. दूध का फाटतं, मांस का चिवट होतं, हिरव्या भाज्या शिजताना रंग का बदलतात हे आहे. अर्थात दोन्ही इंग्रजीत आहेत आणि मॅगींचं अक्षरही बारीक आहे. सासूबाई मराठीतून सुखाने वाचत असतील तर या नावांचा आग्रह धरू नका. त्याच प्रकारचं, त्यांच्या भाषेतलं पुस्तक शोधा. ‘यांनी मला इंग्रजी शिकायला लावलं’ ही भावना ‘यांनी मला स्वयंपाक शिकवला’ याच्याइतकीच वाईट.

आणि हो, ‘तुमच्या पाककृती लिहून ठेवा’ म्हणून सुंदर कोरी वही द्यायचा मोह होईल. ती भेट नसते, गृहपाठ असतो. त्यांच्या पाककृती हव्याच असतील तर वही तुम्ही धरा: त्या करत असताना शेजारी उभ्या राहा, मूठभर जे काही पडणार ते पडायच्या आधी वाटीत घेऊन तोला, आणि आकडा तुम्ही लिहा.

पुस्तक दुसऱ्या देशात छापलेलं असेल तर मापांचा एक सापळा असतो. अमेरिकी कप 237 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन 250 चा, जपानी 200 चा. मोठा चमचा जवळपास सगळीकडे 15 मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात 20. म्हणजे तिथल्या केकच्या पुस्तकातली चमच्याने मोजलेली प्रत्येक गोष्ट आपल्या चमच्याने तीन-चतुर्थांशच पडते. मिठाचं तर विचारूच नका. एक छोटा चमचा बारीक मीठ साधारण 6 ग्रॅम भरतं, पोकळ पापुद्र्यांच्या जाड मिठाचा तोच चमचा 3 ग्रॅमच्या आसपास. जाड मीठ धरून लिहिलेली पाककृती बारीक मिठाने केली की पदार्थ दुप्पट खारट होतो. चांगलं पुस्तक सुरुवातीच्या पानांत कुठलं मीठ, केवढं अंडं आणि कुठल्या प्रकारचा ओव्हन ते सांगून टाकतं. पंख्याचा ओव्हन असेल तर साध्या ओव्हनसाठी दिलेलं तापमान 20 अंशांनी कमी करायचं असतं. पुस्तकात दोन्ही आकडे असतील तर उत्तमच. एकाच पुस्तकाच्या अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन आवृत्त्या निघाल्या असतील तर ग्रॅमवाली घ्या.

ऑनलाइन घेणार असाल तर आणखी सावध राहा. माणसाने कधी रांधून न बघितलेली, यंत्राकडून लिहून घेतलेली पुस्तकंही आता विक्रीला असतात. आतली पानं चाळायची सोय असेल तर यादीतला प्रत्येक घटक कृतीत येतो का ते ताडून बघा. यादीत लसूण आहे आणि कृतीत तो कधी पडलाच नाही, असं एका पाककृतीत दिसलं तर छपाईची चूक म्हणा, तीन पाककृतींत दिसलं तर पुस्तक बंद करा. एकाच लेखकाच्या नावावर काही महिन्यांत डझनावारी पुस्तकं, एकदा केक, एकदा मधुमेहींचा आहार, एकदा कुत्र्यांचं खाणं, हीसुद्धा खूणच.

जुन्या बाजारातली पुस्तकं जरूर घ्या. डाग पडलेलं पान हीच तिथे शिफारस. अपवाद एकच: बरण्यांत हवाबंद करून टिकवण्याच्या पदार्थांची जुनी पुस्तकं. आंबटपणा कमी असलेल्या भाज्या आणि मांस, म्हणजे ज्यांचा पीएच 4.6 च्या वर आहे ते, नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद केले तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. त्याला दाबाखालची जास्त उष्णता लागते. जुन्या पुस्तकांत ही काळजी कित्येकदा नसते. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायला सांगणारं पुस्तकही याच कारणाने नको.

शेवटी बांधणी. पुस्तक मध्यावर उघडून टेबलावर सपाट ठेवा आणि हात काढा. मिटलं तर पीठ लागलेल्या कोपराने ते दाबून धरावं लागेल. कण्याच्या वरच्या टोकाकडे बघा: घड्या घातलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, वेगवेगळे दिसत असतील तर ते बहुधा शिवलेलं आहे आणि उघडं राहील, सुट्या कागदांची सपाट रांग गोंदाने चिकटवलेली असेल तर वर्षभरात आवडती पानं सुटून हातात येतील. एक पाककृती समोरासमोरच्या दोन पानांत संपायला हवी. कागद फार तुकतुकीत असेल तर ओट्यावरच्या दिव्याची चकाकी येते आणि आकडे दिसत नाहीत.

गेल्या वर्षीचं पुस्तक फेकू नका. बहिणीकडे एखादी संध्याकाळ काढून त्यातली कांदा लागणारी तीन पानं दोघींनी मिळून वाचा. वेळा खऱ्या वाटल्या तर त्यातली सर्वांत कमी सामग्रीची पाककृती लगेच करा, मिनिटं घड्याळाने मोजा, आणि खरा आकडा पेन्सिलने समासात लिहून ठेवा. वेळा खोट्या निघाल्या तर फोटोंसाठी ते टेबलावरच बरं.